पाटी दिसली, पण पायाला कळली का?

"दिसलं होतं हो मॅडम!" हे वाक्य माझ्या गाडीत इतक्यांदा ऐकू येतं की डॅशबोर्डवर छापून घ्यायला हरकत नाही. गतिरोधकाची पाटी मागे गेली, गतिरोधक आला, गाडी आदळली आणि माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर. आमच्या शिकवायच्या गाडीला डावीकडेही क्लच-ब्रेक असतो, म्हणून निभावतं. शिकणारा माणूस खोटं बोलत नसतो, पाटी त्याला खरंच दिसलेली असते. पण दिसली म्हणून पाय हललाच असं होत नाही.

मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग शिकवते. लर्निंगच्या परीक्षेला १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. पाट्यांचा तक्ता दोन संध्याकाळी पाठ करून बहुतेक जण सहज निघतात. नंतर रस्त्यावर आले की तीच पाटी खांबावर उभी असते, वर धूळ, शेजारी वाढदिवसाचा फ्लेक्स, मागून हॉर्न, आणि पाठांतर कुठल्या कुठे जातं. इथे लिहिते आहे त्या सगळ्या सवयी आहेत, लावून घेता येतात. नवशिक्यांनी वाचाव्यातच, पण वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचाव्यात. पाटीकडे बघणं त्यांनीच जास्त सोडलेलं असतं.

आधी आकार, मग चित्र

लांबून चित्र दिसत नाही, आकार दिसतो. म्हणून वाचायला सुरुवात आकारापासून करा. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, तयार राहा. गोल म्हणजे हुकूम: लाल कडेचा असेल तर बहुतेक वेळा मनाई किंवा मर्यादा, निळा भरलेला असेल तर सक्ती. निळा चौकोन म्हणजे माहिती, पंप, दवाखाना, पार्किंग वगैरे. दोन पाट्यांना मात्र स्वतःचाच आकार दिला आहे. अष्टकोन फक्त 'थांबा'साठी, आणि टोक खाली केलेला त्रिकोण फक्त 'रस्ता द्या'साठी. त्यामागे विचार आहे. या दोन पाट्या चिखलानं माखल्या, रंग उडाला, अगदी पाठमोऱ्या दिसल्या तरी ओळखता आल्या पाहिजेत. चौकात समोरच्या रस्त्याला उलटा त्रिकोण पाठमोरा दिसला, तर तिकडून येणाऱ्यानं तुम्हाला वाट द्यायची आहे हे तुम्हालाही कळतं. देईल की नाही हा वेगळा विषय.

घरी सराव करायचा तर तक्त्यातल्या चित्रांवर कागदाचे तुकडे चिकटवा, नुसता आकार आणि रंग उघडा ठेवा, आणि कुणाला तरी बोट ठेवायला सांगा. त्यानं बोट ठेवलं की तुम्ही फक्त 'सावध', 'हुकूम' किंवा 'माहिती' एवढंच म्हणायचं. हे पटापट यायला लागलं की मगच कागद काढा.

काही जोड्या सगळ्यांनाच चकवतात. लाल कडेच्या निळ्या गोलावर एक लाल तिरपी रेघ म्हणजे पार्किंग नाही, दोन रेघांची फुली म्हणजे थांबायचंसुद्धा नाही. "पाच मिनिटंच थांबलो होतो" हे पहिल्या पाटीखाली एखादे वेळी चालेल, दुसरीखाली नाही. पांढऱ्या गोलावर काळी तिरपी रेघ दिसली की नवशिके हमखास कुठलीतरी मनाई समजतात. खरं तर आधीची बंधनं संपली एवढंच ती सांगते. रेल्वे फाटकाच्या दोन त्रिकोणांपैकी कुंपणासारखं चित्र असेल तर रखवाली असलेलं फाटक, आणि धुराचं इंजिन असेल तर बिनरखवालीचं. ब्रॉडगेजवरची बिनरखवालीची फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत काढून टाकली गेली, त्यामुळे आमच्या पुणे–मिरज मार्गाच्या बाजूला हे इंजिन आता भेटायचं कारण नाही. पण परीक्षेत ते धूर सोडत येतं, तेव्हा ओळखून ठेवा.

सेकंद मोजायला शिका

किलोमीटरच्या वेगाला साधारण चारनं भागलं आणि वर थोडं धरलं की सेकंदाला किती मीटर जातो ते निघतं. ६० च्या वेगानं जवळजवळ १७ मीटर, ८० ला २२, १०० ला २८. काहीतरी दिसल्यापासून ब्रेकवर पाय दाबला जाईपर्यंतचा वेळ रस्ते आखणारे आपल्याकडे अडीच सेकंद धरतात. दिसणं, समजणं, ठरवणं आणि पाय हलणं, सगळं त्यात आलं. म्हणजे ८० ला तुम्ही ब्रेक लावायच्या आधीच ५५ मीटर पुढे गेलेले असता. चार एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल त्याहून जास्त.

आता पाटीकडे बघा. सावधानतेची पाटी धोक्याच्या किती आधी लावायची याचं मोजमाप ठरलेलं असतं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांसाठी सपाटीला १२० मीटर आणि डोंगराळ भागात ६० मीटर हा आकडा बराच काळ चालत आलेला आहे. ८० च्या वेगानं १२० मीटर जायला साडेपाच सेकंद लागतात. घाटात ४० च्या वेगानं ६० मीटर जायलाही तेवढेच. म्हणजे पाटी ओलांडल्यावर हातात साडेपाच सेकंद, त्यातले अडीच तर विचारातच गेले. आणि ८० वर असताना गाडी पूर्ण थांबवायला लागणारं अंतरही हिशोबात १२० मीटरच धरतात. १०० ला ते १८० होतं. तेव्हा ८० च्या रस्त्यावर १०० नं जाताना पाटीच्या खांबापाशी आल्यावर जर ती कळली, तर धोक्याच्या अलीकडे गाडी थांबणं गणितातच बसत नाही.

हे मी वर्गात फळ्यावर मांडते तेव्हा मुलं माना डोलावतात. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडीत करून बघायला लावते. सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्यानं पाटी खांबापाशी आली की मोजायला लागायचं: एक हजार एक, एक हजार दोन... पाचाला धोका समोर येतो. ज्यांनी कधी मोजलंच नाही त्यांना वाटतं पाटी आणि वळण यांत भरपूर वेळ असतो. पाचाला वळण अंगावर आलं की तोंड बंद होतं.

बोलत चालवा

माझ्या शिकवण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि तिला खर्च काही नाही. जे दिसेल ते मोठ्यानं बोला, आणि वाक्य तुमच्या कृतीवर संपवा. "डावीकडे त्रिकोण. शाळा. रेस सोडली. तिसरा टाकला. डाव्या गल्लीकडे बघतोय." नुसतं "शाळेची पाटी" म्हणून थांबलात तर ते वाक्य मी अर्धं धरते. पाटी कळली याचा माझ्या लेखी एकच पुरावा: पाय, हात किंवा मान यांपैकी काहीतरी हललं पाहिजे.

त्रिकोणासाठी एक पक्का नियम लावून घ्या. त्रिकोण दिसला की रेसवरचा पाय वर, आणि ब्रेकवर तरंगत. चित्र नंतर वाचा. चित्र क्षुल्लक निघालं तर पाय परत खाली, नुकसान शून्य. गंभीर निघालं तर पाय उचलून दुसरीकडे नेण्याचा वेळ तुम्ही आधीच वाचवलेला आहे. अडीच सेकंदांतला हाच एक तुकडा आपल्या हातातला आहे. बाकीचं डोळे आणि मेंदू ज्याचे जसे.

एक निवृत्त बँकवाले काका माझ्याकडे आले होते. हयातभर स्कूटर चालवलेली, आता नातवंडांसाठी कार. काकांचं वाचन उत्तम. यवतेश्वरचा घाट चढताना ते प्रत्येक अक्षर वाचत होते.

"आवरा वेगाला, सावरा जीवाला," काका म्हणाले. "सौजन्य..." आणि सौजन्य कुणाचं तेही वाचलं.

"काका, त्याच्या आधीचा त्रिकोण?"

"त्रिकोण होता?"

"होता. काय काढलं होतं?"

काका विचारात पडले, तेवढ्यात हेअरपिन वळण समोर आलं आणि त्यांनी तिसऱ्यात ते घ्यायला सुरुवात केली. गाडी धापा टाकायला लागली. दुसरा टाकायला लावला, वळण पार झालं, वर गेल्यावर गाडी कडेला घेतली.

काकांची दृष्टी उत्तम होती. ते पाटीला वाचनाची वस्तू समजत होते, कामाची नाही. मी त्यांना उतरताना एक अट घातली: शब्दांच्या पाट्या वाचायच्याच नाहीत, फक्त त्रिकोण बोलायचे आणि गियर सांगायचा. "त्रिकोण, डावं वळण, दुसरा." "त्रिकोण, उतार, दुसराच ठेवला." खाली पोचेपर्यंत त्यांचा पाय माझ्याआधी उचलला जायला लागला होता. सौजन्य कुणाचं हे विचारल्यावर म्हणाले, "कुणाला माहीत!" शाबास.

यावरून माझं एक मत सांगून टाकते, पटलं तर घ्या. 'अति घाई, संकटात नेई' छापाच्या सुभाषितांनी पायाला काही काम मिळत नाही. ती वाचून माणूस मान डोलावतो आणि त्याच वेगानं पुढे जातो. '४०' एवढाच आकडा असलेला गोल जास्त कामाचा, कारण आकडा दिसला की नजर मीटरवर जाते.

बोलायचा सराव गाडी न चालवताही होतो. एसटीच्या पुढच्या बाकावर बसा, डावी बाजू धरा, आणि मनातल्या मनात बोलत चला. मग ड्रायव्हरनं गियर केव्हा बदलला ते ऐका. घाटातला जुना ड्रायव्हर पाटीच्या आसपासच तयारी सुरू करतो, वळणावर आल्यावर नाही. तुमचं बोलणं आणि त्याचा गियर जुळायला लागले की समजा जमतंय. तिकिटात शिकवणी.

आपल्याला हवं तेच दिसतं

१९६६ साली स्वीडनमधल्या योहानसन आणि रुमार या दोघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्यावर पाटी, थोडं पुढे गाड्या थांबवायच्या, आणि ड्रायव्हरला विचारायचं, आत्ता मागे कुठली पाटी गेली? वेगमर्यादेची पाटी बहुतेकांना सांगता आली. पायी रस्ता ओलांडण्याच्या जागेची पाटी फारच थोड्यांना. दोन्ही तेवढ्याच ठळक. फरक एवढाच, की पहिलीत दंड आपल्याला होतो आणि दुसरीत जीव दुसऱ्याचा जातो. मी वर्गात हे सांगितलं की एखादी ताई हमखास म्हणते, "म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच!"

यावर उपाय म्हणजे घरून निघतानाच ठरवणं की आज काय शोधायचं. आठवडाभर फक्त झेब्रा आणि शाळा. पुढच्या आठवड्यात फक्त वेगाचे गोल. डोळ्याला काम नेमून दिलं की तो ते काम करतो, सगळं बघ म्हटलं तर काहीच बघत नाही. मुलं मागच्या सीटवर असतील तर त्यांना वाटून द्या, एकाला त्रिकोण, एकाला गोल. जो आधी ओरडेल त्याला गुण. मोबाइलही आपोआप खाली ठेवला जातो.

ओळखीच्या रस्त्याला सगळ्यात जास्त सांभाळा. रोज ऑफिसला जाता तिथली पाटी तुम्ही वाचत नाही, ती तुम्हाला आठवते. कालपर्यंत नसलेला गतिरोधक किंवा नवी एकेरी वाहतूक तिथेच फसवते. लोकांवर या सवयीचा पगडा किती असतो बघायचा तर दादर स्टेशन आठवा. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मध्य रेल्वेच्या फलाटांना पश्चिमच्या पुढचे आकडे दिले, सलग एक ते चौदा, कारण दोन्हीकडे 'एक नंबर' असल्यानं माणसं चुकत होती. बदल शहाणपणाचा होता. पण रोजच्या प्रवाशांचे पाय जुन्या आकड्यांनीच चालत राहिले, आणि घोषणा बराच काळ 'पूर्वीचा अमुक' असं सांगत होत्या. रस्त्यावर अशी घोषणा करायला कुणी नसतं.

गावांच्या नावांच्या मोठ्या पाट्यांसाठी एक छोटी युक्ती. निघण्याआधी शेवटच्या गावाऐवजी वळायच्या जागेचं नाव लक्षात ठेवा. साताऱ्याहून वाईला जाताना पाचवड शोधायचं, पुण्याहून येताना सुरूर. डोक्यात एकच शब्द असला की तो पाटीवर लांबूनच ओळखू येतो, अख्खी यादी वाचत बसायला लागत नाही. मोबाइलमधल्या बाईवर भिस्त ठेवणारे पाटी बघायचंच विसरतात आणि बाई बोलेपर्यंत फाटा मागे जातो.

नजर कुठे ठेवायची

हात समोर लांब करा आणि अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढाच भाग तुम्हाला एका वेळी खरा स्पष्ट दिसतो. बाकी सगळं धूसर, मेंदू भरून काढतो. पटत नसेल तर नखाकडे एकटक बघत शेजारी धरलेल्या पेपरचा मथळा वाचून दाखवा. जमत नाही. तर मग बॉनेटच्या पुढच्या दहा फुटांवर नजर खिळवून बसलेल्या नवशिक्याला कडेची पाटी कशी दिसणार? नजर लांब टाका, रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे. मग डावीकडची कड, आरसा, परत लांब. पाटी आधी लांब असताना आकारानं पकडायची, मध्ये रस्ता बघायचा, जवळ आल्यावर एकदा चित्र बघायचं. खांबापाशी येईपर्यंत तिच्याकडे टक लावून बसायचं नाही. गाडी नजरेमागे जाते, आणि पाटी खड्ड्याच्या बाजूला असते.

फ्लेक्सचं काय करायचं? माणसाचं लक्ष चेहऱ्याकडे आधी जातं, तो आपला दोष नाही. आमच्या चौकांमध्ये तर एका भाऊंच्या वाढदिवसाला शुभेच्छुकांचे तीस चेहरे, गॉगल आणि सोनसाखळीसह, आणि त्यांच्या खांद्याआड गतिरोधकाचा त्रिकोण. भाऊंना दीर्घायुष्य लाभो. तुम्ही एवढंच करा: फ्लेक्सची गर्दी दिसली की तीच धोक्याची खूण समजा. फ्लेक्स चौकातच लागतात, तेव्हा चौक आलाच आहे. रेस सोडा.

वेग अंगवळणी पडतो

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीला १०० ची मर्यादा आहे, घाटात ६०. तासभर १०० नं गेल्यावर ६० म्हणजे गाडी उभी असल्यासारखी वाटते. अंगाला वेगाची सवय होते आणि तो कमी भासायला लागतो. पुण्यात कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलाकडे जाणारा उतार याच कारणानं घातकी आहे. बोगद्यातून मोकळा, रुंद रस्ता समोर येतो, उतार डोळ्यांना तेवढा भासत नाही, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेला ट्रक मागे असू शकतो. अशा जागी वेगाचा गोल दिसला की 'वाटतंय तर हळूच' हे ऐकू नका. मीटर बघा. काटा पाटीच्या आकड्यावर येईपर्यंत दुसरं काही बघायचं नाही, आरसा सोडून. आणि मोठ्या रस्त्यावरून फाट्याला लागलात की पहिले काही मिनिटं दर वेळी मीटर बघूनच चालवा.

वळणावरच्या बाणांच्या पाट्यांमधलं अंतर बघायचीही सवय लावा. बाण जितके जवळजवळ, वळण तितकं आवळ.

रात्री पाटी स्वतः उजळत नाही

हा प्रयोग एकदा कराच. गाडी बंद, रस्ता रिकामा, कडेला सुरक्षित उभे राहून पाटीपासून तीस-चाळीस पावलं लांब जा. मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला धरा. पाटी झगझगीत दिसेल. आता तोच टॉर्च चार पावलं बाजूला उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या हातात द्या, पाटीवरच रोखून. तुम्हाला ती एकदम विझल्यासारखी दिसेल, मैत्रिणीला मात्र लख्ख. पाटीवरचा चकाकता थर प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो. त्यामुळे तुमचा दिवा मळका, पिवळा पडलेला किंवा तिरका असेल तर नवी कोरी पाटीही काही कामाची नाही. दर रविवारी गाडी धुणारे हेडलाइटची काच पुसायला विसरतात. आणि ट्रकवाल्याची सीट त्याच्या दिव्यांपासून बरीच उंच असते, म्हणून तीच पाटी त्याला तुमच्यापेक्षा फिकी दिसते, हेही डोक्यात असू द्या.

चांगल्या महामार्गावर रस्त्यात बसवलेल्या चकाकत्या खुणा रंगानं बोलतात: डाव्या कडेला लाल, दुभाजकाच्या बाजूला पिवळ्या, पट्ट्यांच्या मधे पांढऱ्या. धुक्यात लाल उजवीकडे दिसायला लागले तर गाडी रस्त्याबाहेर चालली आहे. गाड्यांचंही तसंच, पुढे पांढरी पट्टी, मागे लाल, बाजूला पिवळी. लाल दिसलं म्हणजे समोर पाठ आहे.

पण ऊसाच्या हंगामात आमच्याकडे हा हिशोब कोसळतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, लाल पट्टी असली तर तिच्यावर वाढे, म्हणजे ऊसाचे शेंडे, लोंबतायत. तिथे खूण शोधू नका, खुणेचा अभाव शोधा. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात रस्त्याचा एक तुकडा काळाच राहिला, की तो ठोकळा हलतोय असं समजून वेग उतरवा. जुन्या रस्त्यांवर झाडांना काव आणि चुन्याचे पट्टे असतात, ते दिव्यात छान उमटतात आणि पुढचं वळण दाखवतात. पट्ट्यांची रांग मधेच तुटली तर तिथेही तेच.

पन्नाशीनंतर मोतीबिंदू तपासून घ्या. समोरच्या दिव्याभोवती मोठं वलय दिसायला लागलं असेल तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

सिग्नल थोडक्यात

पिवळा म्हणजे थांबा. आता थांबलो तर मागचा येऊन धडकेल इतके जवळ असाल तरच पुढे. बहुतेकांचा पाय पिवळ्याला रेसवर पडतो, कारण 'निघून जाऊ' ही सवय बघून बघून लागलेली आहे. उलट्या मोजणीचे आकडे असतील तर लाल असताना त्यांच्याकडे बघूच नका. तीन राहिले की सगळा चौक सुटतो आणि तिकडून शेवटचा पिवळेवाला येतच असतो. हिरवा लागल्यावर डावी-उजवी मान फिरवा, मग क्लच.

पाटी खोटी असेल तर

'पुढे काम चालू आहे, वळण रस्ता' आणि पुढे काम कधीच संपलेलं, पिंप तेवढे पडलेले. अशा चार पाट्या खोट्या निघाल्या की पाचवीला कुणी पाय उचलत नाही, आणि पाचवीला खरोखर जेसीबी आडवा असतो. माझा नियम सरळ आहे: रेस सोडायला पाटी खरी असावी लागत नाही. खोटी निघाली तर दोन सेकंद गेले.

पण खोटी, झाकलेली, पडलेली पाटी दिसली तर कळवायचंही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. 'सातारा सोडल्यावर थोडं पुढे' असं सांगून काही होत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड बघा, पिवळ्या डोक्याचा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा असेल तर राज्य मार्ग. त्यावरचा आकडा, आणि तुम्ही कुठून कुठे चालला होता ती दिशा, एवढं हवं. फोटो शेजारी बसलेल्यानं काढायचा. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. फांदीनं पाटी झाकली असेल तर स्वतः कोयता घेऊन जाऊ नका. झाड कुणाचं यावरून भांडण लागतं. सरपंचांना फोटो पाठवा, ते ज्याचं झाड त्याला बरोबर ओळखतात.